ऊद पेटवायच्या आधी

मलिदा चाखून बघायचा नसतो. गूळ कमी पडला का, बडीशेप जास्त झाली का, तूप पोचलं का, हे करणाऱ्या बाईनं वासावरून आणि बोटांवरून ओळखायचं. आमच्या अम्माची बोटं त्या बाबतीत पक्की होती. जाड पोळ्या तव्यावरून उतरल्या की त्या गरम असतानाच ती कुस्करायला घ्यायची, हात पोळायचा तरी थांबायची नाही. गार पोळीत गूळ मुरत नाही, असं तिचं म्हणणं.

दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, मगरीबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या नमाजच्या सुमारास हे ताट तयार व्हायचं. वर पांढरं फडकं, शेजारी पाण्याचा पेला आणि ऊददाणी. अब्बा टोपी घालून ताटासमोर बसायचे, घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायचे आणि फातेहा द्यायचे, म्हणजे कुराणातलं थोडं वाचून त्यांच्यासाठी दुआ मागायचे. त्यांनी तोंडावरून हात फिरवला की मग ताट उघडायचं. तोवर त्यातली चिमूटसुद्धा कुणाच्या तोंडात जाता कामा नये, कुणासाठी बाजूला काढून ठेवतासुद्धा कामा नये. "आधी गेलेल्यांचं, मग राहिलेल्यांचं," असं अम्मा म्हणायची, आणि या एका वाक्यावर तिचं सगळं घर चालायचं.

माझ्या धाकट्या बहिणीनं एकदा चिमूट उचलली होती. ती तेव्हा लहान होती, शाळेतही जात नव्हती. अम्माची पाठ वळली तेवढ्यात तिनं हात घातला, आणि ओठाला लागलेल्या गुळानं घात केला. अम्मानं सगळंच्या सगळं ताट उचलून शेजारच्या शेळीपुढे नेऊन ठेवलं, शेजारच्या मावशींकडून गव्हाचं पीठ मागून आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून कणीक मळायला बसली. अब्बा टोपी घालून भिंतीला टेकून बसून राहिले. धाकटी मात्र ओसरीवर उभी राहून भोकाड पसरून रडत होती. मार बसेल याची भीती नव्हती, शेळी मिटक्या मारत होती याचं तिला दुःख होतं.

आम्हा दोघी बहिणींना ताट एकच असायचं. गरिबी होती म्हणून नव्हे, तशीच पद्धत होती, आणि एका ताटात खाल्लं की मोहब्बत वाढते असं अब्बांना वाटायचं. मी मधोमध बोटानं रेघ मारायची आणि ही माझी हद्द, ती तुझी, असं बजावायची. धाकटीला हद्द बिद्द कळत नसे. ती माझ्याच बाजूचा घास घ्यायची आणि वर माझ्याकडं बघून हसायची. मोहब्बत किती वाढली कोण जाणे, पण भांडायची सवय दोघींना तिथूनच लागली.

आमचं घर लातूरच्या जुन्या भागात. अब्बा मणियार होते, बांगड्यांचं छोटं दुकान होतं आणि चाकूरच्या बाजाराला ते पेटी घेऊन जायचे. घरात आम्ही दखनी बोलायचो, ती इथं मी मराठीतच मांडते आहे. मी मराठीची शिक्षिका आहे, हात त्याच बाजूला वळतो. लग्न होऊन मी नांदेडला आले, शाळेत लागले आणि इथलीच झाले. धाकटी लातूरला कॉलेजात गेली. आमच्या दोघींत जे काही झालं ते तिथून सुरू झालं.

तिला औषधशास्त्राला प्रवेश मिळाला होता. हुशारीत ती माझ्या चार पावलं पुढेच. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलीनं तिला सहज काहीतरी विचारलं. तुमच्यात असं का करतात, तसं का करतात. मुलगी वाईट नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. धाकटीला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा ती मला म्हणाली, "आपा, माझ्या नावावरून सगळ्यांना कळतं मी कोण हाय. मलाच तेवढं माहीत न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. अगं, मलाही कुठं माहीत आहे, म्हटलं, माझं काही अडलं का? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की अडलंय, पण तुला दिसत नाही.

तिच्या कॉलेजातल्या मुली दर इतवारी एका घराच्या वरच्या मजल्यावर जमायच्या. तिथं एक बाई त्यांना कुराण अर्थासकट शिकवायची. मुली तिला बाजी म्हणायच्या. लहानपणी आम्ही दोघींनी मशिदीतल्या मौलवींकडून डुलत डुलत अख्खं कुराण वाचलेलं होतं, एका अक्षराचा अर्थ कळत नसताना. आता ती वही-पेन घेऊन बसू लागली. हा शब्द कुठून आला, तो इथं असा का वापरला. तिच्या डोक्यावर आधी ओढणी नीट आली, मग हिजाब आला, मग काळा नकाब आला आणि शेवटी हातमोजे आले. मणियाराची मुलगी आणि हातमोजे. अब्बांनी जिल्हाभरातल्या बायकांच्या मनगटात बांगड्या भरल्या, आणि त्यांच्याच मुलीच्या मनगटातल्या बांगड्या आता कुणाला दिसेनात. मी तसं तिला चिडवलं. ती म्हणाली, बांगड्या हायेत की, तुला दाखवायच्यात म्हणून थोड्याच घातल्यात. अब्बा मात्र नुसते हसले. पोरगी पहाटे नमाजला उठते, त्यांना पाणी गरम करून देते, यावर ते खूश होते.

नंतर एके वर्षी हिवाळ्यात अब्बा गेले.

अब्बांच्या मागं जुमेरातची फातेहा द्यायला घरात पुरुषमाणूस उरला नाही. आम्हाला भाऊ नाही. गल्लीच्या टोकाच्या छोट्या दर्ग्याची झाडलोट करणारे एक चाचा होते, ते येऊ लागले. त्यांना दम लागायचा, पायऱ्या चढताना थांबत थांबत यायचे. वर्षभरानं त्यांचं येणं बंद झालं आणि ते लेकाकडं भोकरला गेले. त्या पहिल्याच जुमेरातला योगायोगानं मी लातूरला होते. अम्मानं मलिदा केला, फडकं घातलं, पेला भरला. मग ती धाकटीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

मी तिच्या मागं होते. अम्मानं तिला सांगितलं, की आता तूच वाच. तुझ्याइतकं चांगलं वाचणारं या गल्लीत कुणी नाही. तुझ्या अब्बांच्या नावानं तुझ्या तोंडून वाचलं गेलं तर मला अजून काय पाहिजे.

धाकटी उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, हे मला आज आठवतं. तेव्हा फक्त तिचं बोलणं ऐकू आलं.

"अम्मा, अब्बांसाठी मी पाची वक्त दुआ मागते. तू म्हणशील तर आत्ता तुझ्यापुढं बसून मागते. पण जेवण समोर ठेवून वाचायचं, हे आपल्या दीन-धर्मामधी न्हाई. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"जेवण समोर नसलं," अम्मा म्हणाली, "तर त्यांना कसं कळंल, आपल्या घरून आलंय म्हणून?"

धाकटीनं हो म्हटलं नाही. अम्मा परत फिरली, ताटासमोर बसली आणि डोक्यावरून पदर घेऊन स्वतःच वाचू लागली. आयुष्यात पहिल्यांदा. तिला येत होतं तेवढंच तिनं वाचलं, अडखळत, मधेच थांबून, पुन्हा मागं जाऊन. मला तर धड मदतही करता येईना, कारण मी केव्हाच सगळं विसरून गेले होते. अम्मानं ताट उघडलं, मला दिलं, मावशींकडं वाटी पाठवली. धाकटीपुढं ताट केलं तेव्हा ती म्हणाली, मला नको.

ते "मला नको" माझ्या काळजात रुतून बसलं. अम्माच्या हाताचा मलिदा आणि मला नको. ज्या पोरीनं चिमूटभर मलिद्यापायी शेळीचा हेवा केला होता, तिला आता तो चालेनासा झाला होता. त्या रात्री मी तिला नाही नाही ते बोलले. कुठल्या पुस्तकात आईचं मन मोडायला सांगितलंय, ते दाखव म्हटलं. ती म्हणाली, मन मोडायला सांगितलेलं नाही, आणि मी मोडतही नाही. आमचा आवाज अम्माच्या कानावर गेला आणि तिनं आतून एवढंच विचारलं, की उद्या नांदेडची गाडी किती वाजता आहे. म्हणजे, बाई, आता झोप.

यानंतर कितीतरी वर्षं मी जेव्हा जेव्हा जुमेरातला लातूरला असे, तेव्हा हेच व्हायचं. अम्मा अडखळत वाचायची, ताट उघडायची, मी खायची, धाकटी नको म्हणायची. मी अम्माच्या तोंडाकडं बघायची आणि तिच्यासाठी माझा जीव तुटायचा. अम्मा मात्र शांत असायची. मला वाटायचं, बिचारी हरली.

मी धाकटीवर रागावलेली होते, पण तिला जुनाट म्हणायची माझी हिंमत नव्हती. खरं सांगायचं तर नव्या जमान्याची माझ्यापेक्षा तीच जास्त होती. माझ्या लग्नात जहेजचं, म्हणजे हुंड्यातलं, कपाट होतं, पलंग होता, फ्रिज होता, दारात बँड होता. मी मराठीची पदवीधर, स्त्रियांवर निबंध लिहून बक्षिसं मिळवलेली, पण तोंडातून एक शब्द काढला नव्हता. धाकटीनं स्थळाला स्वतः सांगितलं, की घरातून फक्त मी येईन, सामान येणार नाही, नवऱ्यानं बायकोला द्यायची मेहरची रक्कम आधी पाहिजे आणि लग्नानंतर मी काम करणार. निकाह मशिदीत झाला, सगळ्यांना खजूर दिले आणि संपलं. "तुझ्या लग्नात एका अल्लाहला सोडून सगळ्यांना बोलावलं होतं," असं ती मला म्हणाली, आणि मला हसू आवरेना. नवरा दोन गल्ल्या पलीकडचाच निघाला, म्हणून ती अम्माजवळच राहिली. एका मेडिकल दुकानात ती काम करते. नकाब घालून स्कूटीवर बसते आणि म्हाताऱ्या बायकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते चांगलं दटावून सांगते.

माझं इकडं नांदेडला वेगळंच. शाळेत स्टाफरूममध्ये नव्या आलेल्या बाई मला कौतुकानं म्हणतात, मॅडम, तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही. हे कौतुक गिळायला फार जड जातं. आणि मोहल्ल्यातल्या कुणा मुलीशी बोलायला गेले तर ती माझ्या उघड्या डोक्याकडं बघते आणि आँटी म्हणून मोकळी होते, आपल्यातल्या मावशीला म्हणतात तसं खाला म्हणत नाही. ना घरची ना घाटाची, अशी माझी गत. धाकटीला ती कोण आहे ते माहीत झालं होतं. मला आपलं रोज विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवावं लागायचं. तिचा राग यायचा, त्यात थोडा हेवाही मिसळलेला असावा.

एवढं सगळं असूनही संध्याकाळी चहा उकळताना मला तिचीच आठवण यायची. आताच्या तिची नव्हे. रेघ ओलांडून घास घेणाऱ्या तिची. नवरा, मुलं, शाळा, सगळं जागच्या जागी होतं, तक्रारीला जागा नव्हती. पण माझ्या ताटात माझ्या परवानगीशिवाय हात घालणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते आता बाजूला बसून नको म्हणत होतं. गुरुवारी दिवेलागणीला नांदेडच्या माझ्या घरात मी मलिदा कधी केला नाही. पोळ्या करायची, आणि मुद्दाम गार होऊ द्यायची.

शेजारच्या मावशींपाशी मी एकदा मन मोकळं केलं. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता घरी असतात. बौद्ध आहेत. दर जुमेरातची वाटी त्यांच्याकडं जायची आणि पौर्णिमेची खीर आमच्याकडं यायची, हे माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. मी म्हटलं, मावशी, धर्म जास्त कळला की माणूस असं होतं का. त्यांनी मला त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या आजोबांनी घरातले सगळे देव पोत्यात बांधून नदीला सोडले. आजोबांचं बरोबरच होतं, मावशी म्हणाल्या, त्या देवांनी आम्हाला काय दिलं होतं. पण आजी दोन दिवस जेवली नाही. पुढं आजी वारल्यावर तिचा पिठाचा डबा रिकामा केला तर तळाशी चिंधीत गुंडाळलेला देवाचा एक टाक निघाला.

"आजोबांना म्हाईत होतं का?" मी विचारलं.

"त्याच डब्यातल्या पिठाची भाकर खात व्हते की जलमभर," मावशी म्हणाल्या. "म्हाईत नसंल कसं? पर बोलले न्हाईत. घरोघरी मातीच्या चुली, बाय. तुझ्या मायची चूल तू लई उकरू नको."

मला वाटलं, मावशी आपली समजूत घालताहेत.

अम्मा यंदा उन्हाळ्यात गेली. आजार फार लांबला नाही. मी नांदेडहून निघाले, लोह्यापर्यंत पोचले तेवढ्यात फोन आला. घरी पोचले तेव्हा बायका जमल्या होत्या आणि गुस्ल कोण देणार याची चर्चा चालली होती. मय्यतीला अंघोळ घालणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना बोलवायचं चाललं होतं. धाकटी म्हणाली, नको, अम्माला मीच घालीन.

हे ती त्या वरच्या मजल्यावर शिकली होती. मला वाटलं होतं तिथं फक्त काय करू नये तेवढंच शिकवतात. तिनं बोरीची पानं टाकून पाणी तापवलं आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं आपल्या मनगटावर घालून पाहिलं. हातमोजे काढून ठेवले होते. कितीतरी वर्षांनी मी तिचे हात इतक्या जवळून बघत होते. हिरव्या बांगड्या होत्या. अम्मावरची चादर जराही सरकू न देता ती खालून हात फिरवत होती, उजवी बाजू आधी, मग डावी. मला म्हणाली, आपा, तू पाणी घाल, हळू. मी पाणी घालत गेले. माझ्या हातून सांडत होतं, तिच्या हातून काहीच सांडत नव्हतं. केसांतली गाठ ती बोटांनी अशी सोडवत होती, जशी अम्मा आमची सोडवायची. त्या वेळी तिच्यावरचा माझा सगळा राग त्या पाण्याबरोबर मोरीत गेला. दुःखात राग टिकत नाही, आणि टिकावा असं मला वाटलंही नाही.

तरी एक गोष्ट उरलीच. शेवटी शेवटी अम्मा मला फोनवर म्हणाली होती, की मी गेल्यावर एखाद्या जुमेरातला तुझ्या अब्बांच्या शेजारी माझंही नाव घे. घेशील ना? तिनं धाकटीला हे सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. जिला धड वाचता येत नाही तिला. मी हो म्हटलं, आणि नांदेडला शाळेला जाता-येता रिक्षात बसून फोनवर ऐकून ऐकून पाठ करू लागले. या वयात. रिक्षावाला आरशातून बघायचा.

शाळेला सुट्ट्या होत्या. अम्माचं सामान आवरायला मी पुन्हा लातूरला गेले आणि गुरुवार धरूनच गेले. धाकटीला सांगितलं नाही. ती दुकानातून रात्रीच येणार, तोवर सगळं उरकलेलं असेल, असा माझा हिशोब. तिच्यासमोर वाचायला मला लाज वाटत होती, चुकलं तर तिला ऐकवणार नाही, आणि नाही चुकलं तरी तिला ऐकवणार नाही. ती तर ताट बघूनच मान फिरवणार. अम्माचं नाव घेतलेलं पहिलं ताट, आणि त्यालाही ती नको म्हणणार, हे मला सोसणार नव्हतं.

पोळ्या जाड झाल्या, एक करपली. कुस्करताना हात असा भाजला की डोळ्यात पाणी आलं. अम्मा हे दर आठवड्याला कसं करत असेल? गूळ बेताचा पडला की जास्त, कळेना. जीभ नुसती शिवशिवत होती. पण चाखलं नाही. फडकं शोधलं, पेला भरला, ऊददाणीत निखारा ठेवला. आणि तेवढ्यात दारात स्कूटीचा आवाज आला.

दुकान लवकर बंद झालं होतं की कशानं, कोण जाणे. धाकटी आत आली, नकाब वर केला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. वास तिला गल्लीतच आला असणार. तिनं ताट पाहिलं, ऊददाणी पाहिली, माझे भाजलेले हात पाहिले. मी तयारीतच होते. नको म्हणाली तर काय म्हणायचं, ते माझ्या ओठावर होतं.

"ऊद टाकलास का?" तिनं विचारलं.

"न्हाई अजून."

"वाचलंस?"

"न्हाई."

"मग माझा वाटा काढ आधी."

मला काही समजेना. ती आत आली, मांडणीवरचा एक छोटा स्टीलचा डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. तो डबा माझ्या ओळखीचा होता. दर जुमेरातला तो चुलीमागच्या कोनाड्यात असायचा, आणि मी आजवर समजत होते की त्यात अम्मा दुसऱ्या दिवसाचं विरजण लावते.

धाकटी पाटावर बसली आणि तिनं सांगितलं. पहिल्यांदा नको म्हणाली त्याच्या पुढच्याच जुमेरातपासून अम्मा ऊद पेटवायच्या आधी तिचा वाटा या डब्यात काढून ठेवायची. वाचायच्या आधीचा मलिदा म्हणजे नुसतं जेवण, तो धाकटीला चालायचा. ताट समोर आलं की धाकटी सगळ्यांदेखत नको म्हणायची, आणि नंतर हा डबा आपल्या खोलीत नेऊन खायची, लग्न झाल्यावर आपल्या घरी नेऊन. सगळी वर्षं. एकही जुमेरात चुकली नाही. आजारात हात चालत नव्हते तेव्हा पोळ्या धाकटीनं करून दिल्या आणि अम्मानं नुसतं कुस्करलं.

मी शेळीपुढं ठेवलेलं ते ताट आठवत होते. चिमूट गेली म्हणून अख्खा मलिदा टाकून देणारी बाई. "आधी गेलेल्यांचं," असं म्हणणारी.

"तिला चालत कसं होतं?" मी म्हटलं.

"मी विचारलं होतं," धाकटी म्हणाली. "म्हटलं, अम्मा, तुझ्या हिशोबानं हा गुनाह न्हाई का? तर म्हणाली, ते मी आन् अल्लाह बघून घेऊ. तू खा."

मला रडू आलं आणि मी रडले. मी त्यांच्यासाठी झुरत राहिले, एकीला हरलेली समजत राहिले, दुसरीला निष्ठुर समजत राहिले. त्या दोघींनी केव्हाच आपसात मिटवून टाकलं होतं. बाहेर राहिले होते ती मी. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. धाकटी म्हणाली, अम्मा म्हणायची, तुझी आपा मास्तरीण आहे, कोण बरोबर ते ठरवत बसेल.

मी डबा उघडला आणि त्यात मलिदा भरला. जरा जास्तच भरला. मग निखाऱ्यावर ऊद टाकला, पदर डोक्यावर घेतला. धाकटी उठून आतल्या खोलीत गेली. दार तिनं लावलं नाही. मी वाचायला सुरुवात केली, अब्बांचं नाव घेतलं, त्याच्या शेजारी अम्माचं घेतलं. दोनदा अडखळले. उघड्या दारातून मला तिची जानमाजवर, नमाजच्या चटईवर, बसलेली पाठ दिसत होती, आणि तिचेही हात वर होते. ती तिच्या पद्धतीनं कुणासाठी मागत होती, ते विचारायची गरज नव्हती.

मी तोंडावरून हात फिरवला आणि ताट उघडलं. ती बाहेर आली, माझ्याजवळ बसली, मांडीवर डबा घेतला. मी ताटातला घास घेतला, तिनं डब्यातला. गूळ कमी पडला होता, दोघींनाही ते कळलं. मधे रेघ होती, ती आता मी मारलेली नव्हती आणि पुसणं माझ्या हातात नव्हतं. मी तिच्या डब्याकडं बघत राहिले. ती हसली, आणि तिनं डबा माझ्या बाजूला सरकवला.

"घे की," ती म्हणाली. "तुला तर दोन्ही चालतं."

मी रेघ ओलांडली आणि तिच्या डब्यात हात घातला.